डिस्क बदलण्याआधी तारीख बघा

प्रश्न : सावद्याला माझा केळीच्या खरेदी-विक्रीचा ग्रुप आहे. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होतं. भाच्याने बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदल करून पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं. संध्याकाळपर्यंत उत्तम चाललं, दोनदा रीस्टार्टही केलं. सकाळी काळ्या पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’. पुन्हा टाकलं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणतो हार्ड डिस्क गेली. नवी घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, भाऊ. निदान आज तरी नाही. दिवसभर धडधाकट चालणारी डिस्क रोज रात्रीच कशी मरते? रात्री तुम्ही निघताना बोर्डाचं बटण बंद करता ना? आपल्याकडे लाइटचा जो खेळ चालतो, तो पाहता बरोबरच करता. पण बटण चालू असेपर्यंत बायोसची सेटिंग्ज एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून, येणाऱ्या करंटवर टिकतात. बटण बंद झालं की भार मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलवर. माझा संशय त्याच्यावर आहे.

सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहा आणि बायोसमधली तारीख बघा. कित्येक वर्षं मागची दिसली तर सेल संपलाय. भाच्याने बूट मोड, म्हणजे सुरू होण्याची पद्धत, ‘यूईएफआय’ ही नवी केली असणार. सेल मेल्यामुळे बोर्ड रात्रीतून मूळच्या जुन्या पद्धतीवर, ‘लेगसी’वर जातो, डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शोधतो. मिंटने तो ठेवलाय ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये, डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात. विंडोज ७ लेगसीतच बसवलेलं असणार, म्हणून सेल मेलेला असूनही तुम्हाला कळलं नाही. फार तर घड्याळ चुकायचं, बँकेची साइट उघडताना सर्टिफिकेटची तक्रार यायची. आठवतंय का?

सेलचा नंबर सीआर २०३२, ३ व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळतो. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, बाजूची पत्री हलकेच मागे सारली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मग तारीख लावा, बूट मोड यूईएफआय करा, एफ १० ने सेव्ह. मिंट पुन्हा टाकायची गरज नाही.

तारीख बरोबर निघाली, तर बायोसच्या यादीत डिस्क दिसते का ते बघा. दिसत नसेल तर डिस्कची साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी वायर) काढून घट्ट बसवा. तरीही नाही दिसली, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं धरू.

पत्रात एक गोष्ट मात्र नाही : ग्रुपचे जुने हिशेब कुठे आहेत? ‘इरेज डिस्क’ (पूर्ण डिस्क पुसा) निवडून मिंट टाकलं असेल तर ते विंडोजबरोबरच गेले. दुसरीकडे कॉपी नसेल, तर या डिस्कवर आता काहीही लिहू नका. ती काढून बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला आधी दाखवा. सेलचं नंतर बघता येईल.