मास्तरकी करायचीच, पण पद कोणतं?

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या (गणित) शेवटच्या वर्षाला आहे. तिला बीएड करून शिक्षिकाच व्हायचंय. माझे दीर चौदा वर्षांपासून एका माध्यमिक शाळेत शिकवतात, पण शाळा अजून सरकारी अनुदानाच्या ४० टक्के टप्प्यावरच आहे. ते तिला म्हणतात, "दुसरं काहीही कर, मास्तरकी नको." आमच्या गल्लीतलं जिल्हा परिषद शाळेतलं जोडपं मात्र सुखात आहे. एक संस्थाचालक म्हणतात, बारा लाख भरा, बीएड होताच ऑर्डर देतो. त्यासाठी एक एकर विकावं लागेल. काय करावं?
– एक आई, मराठवाडा

ताई, आधी जमिनीचं बोलू. विकू नका. कारण खाली सांगतोच, पण उत्तर अर्धवट वाचून कुणी त्या संस्थाचालकाकडे निघालं, तर निदान एवढं तरी डोळ्यांखालून गेलेलं असावं.

तुमचे दीर खोटं बोलत नाहीत आणि गल्लीतल्या जोडप्याचं सुखही खोटं नाही. मागच्या वर्षी एका शाळेत दहावीच्या मुलांशी बोलायला गेलो होतो. चहा येईपर्यंत शिक्षकांच्या खोलीत बसलो. टेबलाभोवती चौघं होती. एक सर निवडश्रेणीतले, म्हणजे ज्येष्ठांच्या वरच्या वेतनश्रेणीतले, निवृत्तीला आलेले. एक बाई शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे ठरावीक मानधनावर, नुकत्या लागलेल्या. तिसऱ्या सरांची तुकडी अंशतः अनुदानावर, म्हणजे पगाराचा काही हिस्साच शासनाकडून. चौथा पंचविशीतला मुलगा घड्याळी तासिकेवर. तो एक छोटी डायरी काढून त्यात तारीख आणि तासांचा आकडा लिहीत होता. महिनाअखेरीला मुख्याध्यापकांची सही झाली की त्याचे पैसे निघणार. त्या दिवशी दुसरा तास कार्यक्रमासाठी, म्हणजे माझ्याच भाषणासाठी, काढून घेतला होता. त्याने तिथे शून्य लिहिलं. मला पुढचा चहा गोड लागला नाही.

चौघं एकाच इमारतीत, त्याच मुलांना शिकवत होती. कोण चांगलं शिकवतं यावर त्यांचा पगार ठरत नव्हता. ती ज्या पदावर बसली आहेत त्याला अनुदान किती, यावर ठरत होता.

आता आकडे. सातव्या वेतन आयोगात पदवीधर, बीएड झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे. डीएड झालेल्या प्राथमिक शिक्षकाचं २९,२००. वर महागाई भत्ता आणि घरभाडं. निव्वळ महागाई भत्ता धरला तरी माध्यमिकचा आकडा साठ हजारांच्या आसपास जातो. पण हे पहिल्या दिवसापासून मिळत नाही. २००० सालापासून आपल्याकडे शिक्षणसेवक योजना आहे. आधी तीन वर्षं ठरावीक मानधन, मग वेतनश्रेणी. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात २०,००० झालं. त्याआधी कित्येक वर्षं माध्यमिकचा शिक्षणसेवक ८,००० रुपयांत महिना काढत होता.

तुमच्या दिरांचं गणित वेगळं आहे. ४० टक्के टप्पा म्हणजे शासनाकडून पगाराचा ४० टक्के हिस्सा. उरलेला संस्थेने द्यायचा असतो, आणि संस्था काय देते ते त्यांनाच विचारा. २००९ साली शासनाने 'कायम विनाअनुदानित' शाळांच्या नावातला 'कायम' हा शब्द काढला, म्हणजे त्यांनाही अनुदान मिळू शकेल अशी आशा लावली, आणि हजारोंनी त्या भरवशावर खडू हातात धरून ठेवला. बहुतेकांना पहिला २० टक्के टप्पा मिळायला २०१६ उजाडलं. जुलै २०२५ मध्येही हे शिक्षक पुढच्या टप्प्याच्या पैशांसाठी आझाद मैदानात पावसात बसले होते. दिरांचा कडवटपणा तिथून आला आहे, त्यांना रागावू नका.

"मास्तरांना एवढा पगार हवाच कशाला" हे कट्ट्यावरचं वाक्यही तुमच्या कानावर आलं असेल. शालेय शिक्षणावरच्या सरकारी खर्चाचा मोठा वाटा पगारावर जातो, हे खरंच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. लागलेल्या माणसाचा पगार कापता येत नाही, म्हणून कात्री दुसरीकडे चालते : जागा रिकाम्या ठेवायच्या, नव्याला मानधनावर घ्यायचं, संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षकपदं मंजूर करायची त्याचे, निकष बदलून पदं घटवायची. मार्च २०२४ च्या निकषांवर शिक्षक संघटना चिडल्या त्या यामुळेच. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चासाठीचे सरकारी पैसे, तर इतकं तुटपुंजं की वीजबिलासाठी मुख्याध्यापक गावात वर्गणी मागतात. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. अजून तिथवर पोचलो नाही. तुमच्या मुलीला ही चणचण पगाराच्या पावतीपेक्षा जागेच्या जाहिरातीत आधी दिसेल, कारण जाहिरात वेळेवर निघणार नाही.

म्हणून वेळापत्रक नीट समजून घ्या. बीएडला दोन वर्षं. पहिली ते पाचवीचं दार बीएडवाल्यांना बंद आहे, सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल तसा आहे. तिची जागा सहावीच्या पुढे. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन लागतो, त्यात गणित-विज्ञान गट घ्यावा. मग अभियोग्यता चाचणी, जिला टेट म्हणतात (ही टीईटीहून वेगळी), २०० गुणांची. त्या गुणांवर पवित्र या शासनाच्या शिक्षकभरती पोर्टलमधून निवड होते. ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. मधली सव्वापाच वर्षं ज्यांनी नुसती वाट पाहिली, त्यांची वयं वाढली. तुमच्या मुलीने बीएडनंतर एमएस्सी करावं, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयाचाही मार्ग राहील. सोबत बँकेच्या किंवा राज्यसेवेच्या परीक्षा द्यायला हरकत नाही, गणितवाल्यांना तो अभ्यास फार जड जात नाही. आणि गल्लीतल्या जोडप्याशी तुलना करताना ते कधी लागले ते विचारा. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना सहसा जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ चा आठवडाभराचा संप त्यासाठीच झाला होता.

राहिले ते बारा लाख. अनुदानित पदं आता बहुतांशी पवित्रमधूनच भरली जातात. संस्थेला मुलाखत घ्यायची असली तरी उमेदवारांची यादी पोर्टलच पाठवतं. तेव्हा जो माणूस बीएडच्या आधीच ऑर्डरचा शब्द देतो, त्याच्याकडे एक तर विनाअनुदानित जागा आहे किंवा जागाच नाही. वैयक्तिक मान्यता (शिक्षण खात्याने त्या शिक्षकाच्या नेमणुकीला दिलेली मंजुरी) आणि शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला त्याचा क्रमांक) मिळाल्याशिवाय सरकारी पगार खात्यात येत नाही. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झालं, अटकाही झाल्या. असल्या भानगडीत एकरभर जमीन घालू नका.

तरी उत्सुकता असेल, तर त्या संस्थाचालकांना एवढंच विचारा : या पदाची यंदाची संचमान्यता दाखवता का? दाखवलीच, तर जाताना दिरांना सोबत न्या. चौदा वर्षं त्यांनी तोच कागद वाचला आहे, त्यांना दोन मिनिटांच्या वर लागणार नाहीत.