कयाकवरून नदीत लूर टाकायचाय? मग रॉड दोन तुकड्यांचाच घ्या

आष्ट्याच्या दादांची पोस्ट वाचली. हवा भरायची कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी होडी) घेतलीय, कृष्णा-वारणेत लूरवर, म्हणजे नकली आमिषावर, मासे धरायचेत, आणि अमेरिकेतल्या नद्यांमधले बास माशाचे व्हिडिओ बघून साडेसात फुटांचा सिंगल पीस (अखंड, बिनजोडाचा) रॉड आणि लूरचा भलामोठा डबा ऑनलाइन निवडून ठेवलाय. घेऊ का, असं विचारताय. डब्याचं नंतर बघू. पण सिंगल पीस रॉड आणि तोही कुरिअरने, हे वाचलं आणि हात आवरला नाही. गाठी मारणं, ड्रॅग (रीलचा ब्रेक) लावणं, रीलवर लाईन भरणं हे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही.

मी दुकानदार नाही, कुणाचा माल खपवत नाही. कराडला राहतो, नदी जवळ आहे, जे पाहिलं तेवढं सांगतोय. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर त्याचंही बरोबर असेल.

तर रॉड. जोड नसला की रॉड हाताला जास्त कळतो, हे खरंच आहे. म्हणूनच मीही सिंगल पीस मागवला होता. पुठ्ठ्याची नळी आली ती टोकापासून वीतभर अंतरावर वाकलेली, आणि वाकल्या जागी चिकटपट्टीचे ताजे थर. कुरिअरच्या पोराला म्हटलं, ‘माल वाकलेला मिळाला’ असं लिहून सही करतो. तो म्हणाला, यंत्रात लिहायची सोयच नाही, ओटीपी द्या, नाहीतर माल परत जाईल. ओटीपी दिला. नळी उघडली तर टोक मोडलेलं, आणि लाईन ओवायच्या शेवटच्या कडीतली सिरॅमिकची रिंग तळाशी सुटी वाजत होती.

इथून पुढचं खरं दुखणं. त्या कुरिअरच्या ऑफिसचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवरचा माणूस नळीकडे बघायलाच तयार नव्हता, तो स्क्रीनकडे बघत होता. ‘सिस्टीमला डिलिव्हर्ड दाखवतंय.’ डिलिव्हर्ड झालंच आहे हो, मोडून डिलिव्हर्ड झालंय! विकणारा म्हणाला, माल मोडल्याचा दाखला कुरिअरकडून आणा, पैसे देतो. कुरिअरवाला म्हणाला, दाखला फक्त बुकिंग करणाऱ्याला मिळतो, म्हणजे विकणाऱ्याला. विकणारा म्हणाला, आम्ही मागितला तर ते म्हणतात ग्राहकानं अर्ज केला पाहिजे. मग अर्ज. मग अर्जाला मूळ पॅकिंगचे फोटो. मग, तुम्ही पेटी उघडतानाचा व्हिडिओ का नाही काढला? शेवटी एकानं मोकळेपणानं सांगितलं, की एवढा लांब माल पार्सलच्या गाडीत बसत नाही, तो मालाच्या गाडीतून येतो, आणि त्यावर पोती पडणारच. पोती पडणं म्हणजे जणू अवकाळी पाऊस, कुणाच्या हातातलं नाही.

आणि कळस असा की त्यांच्याच ऑफिसातल्या बाकड्यावर बसलेलो असताना मोबाइलवर मेसेज आला: ‘ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे.’ उठून तो मेसेज काउंटरवर दाखवला. तर म्हणे, ‘ते पुण्यातनं बंद होतं साहेब, आमच्या हातात नाही.’

टोक मोडलं की कापून नवी कडी बसवता येते. बसवली. पण वीतभर टोक गेलं की फास्ट ॲक्शनचा रॉड सोटा होऊन बसतो, कारण लवणारा भाग तेवढाच असतो. दहा ग्रॅमचा लूर फेकला की पुढ्यात पडायचा. कंपनीच्या वॉरंटीचंही ऐकून ठेवा: बनावटीतला दोष असेल तरच ती लागू होते, वाटेत मोडलेलं त्यात बसत नाही.

कुणावर अशी वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. मी वकील नाही, एकदा विचारून घ्या. आणि नळी फोडायच्या आधीपासून व्हिडिओ चालू ठेवा, पत्त्याचं लेबल दिसेल असा.

म्हणून माझं मत पक्कं झालंय: आपल्याकडे रॉड दोन तुकड्यांचाच घ्यावा. सात फुटांचा रॉड साडेतीन फुटांत येतो, मोटारसायकलला बांधता येतो, एसटीत मांडीवर राहतो. तुमची कयाक तर पिशवीत घालून न्यायची आहे, मग रॉडसाठी वेगळी गाडी कशाला? जोडावर मेणबत्तीचं मेण हलकंसं घासा, कड्या एका रेषेत आणा, आणि नदीवर असताना अधूनमधून जोड चाचपून बघा, फेकून फेकून तो सैल होतो. वाळू जाऊन अडकला तर हातानं पिळत बसू नका. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, दोन्ही हात जोडाच्या दोन्ही बाजूंना, आणि गुडघे फाकवा. सुटतो.

साडेसात फूट मात्र नको. कयाकवर आपण पाण्यालगत बसतो. साडेसहा ते सात फूट पुरे, फार आखूडही नको, कारण मासा कयाकच्या नाकाखालून पलीकडे गेला की रॉडचं टोक नाकापलीकडे पोचलं पाहिजे, नाहीतर लाईन रबरावर घासते. खालची मूठही बघून घ्या. उभं राहून फेकायच्या रॉडची मूठ लांब असते, ती बसल्यावर लाइफ जॅकेटमध्ये अडकते. रीलच्या मागे वीतभर ठीक.

आता बास मासा. तो आपल्या नदीत नाही, पण ते व्हिडिओ अगदीच वाया जात नाहीत. त्यांचा स्मॉलमाउथ बास खडकाळ, वाहत्या, गार पाण्यातला. लार्जमाउथ गवतातला, संथ पाण्यातला. आपल्याकडे लार्जमाउथच्या जागी मरळ आहे, केंदाळाच्या कडेला आणि पाणकणसात दबा धरून बसणारी. लार्जमाउथवाल्यांचे रबरी बेडूक म्हणूनच मरळीला चालतात. फरक जबड्यात आहे. मरळीचा जबडा हाडाचा, त्यात दात. तिथे मिडियम (मध्यम ताकदीच्या) रॉडनं दिलेला झटका पोचत नाही. मरळच करायची असेल तर मिडियम हेवी, साधारण 10 ते 28 ग्रॅमचा लूर पेलणारा, आणि 40 पौंडांचा ताण पेलणारी ब्रेडेड (विणलेली) लाईन. गवतातून मासा ओढून काढायला एवढी लाईन लागते, ताकद दाखवायला नाही. सगळ्याला मिळून एकच रॉड घ्यायचा असेल तर सात फुटी मिडियम, 7 ते 21 ग्रॅम, 2500 ते 3000 आकाराचं स्पिनिंग रील, 20 पौंडांची ब्रेड आणि पुढे हातभर फ्लुरोकार्बनचा लीडर (लूरच्या आधी जोडायचा पारदर्शक दोरा). बेटकास्टर (फेकताना ज्याची चकरीच फिरते ते रील) नंतर. वाऱ्यात, बसून, वाहत्या पाण्यावर त्याचा गुंता सोडवत बसाल आणि तोवर कयाक बाभळीत शिरलेली असेल.

बेडकाचं एक सांगतो. मरळ पाण्यावर फुटली की हात आपोआप उचलतो, आणि बेडूक मोकळा आपल्या तोंडावर येतो. लाईन ताणेपर्यंत थांबा, मग मारा. बेडकाचे दोन्ही हुक अंगाला चिकटून असतात, ते पकडीनं किंचित वर-बाहेर उचलून ठेवा. दर दोन-चार फेकींनंतर दाबून आतलं पाणी काढा, नाहीतर तो बुडतो. मरळ हवा घ्यायला वर येते, तो बुडबुडा दिसला की थोडं पुढे टाका, डोक्यावर नको. तांबूस पिलांचा घोळका दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. तिथे टाकलं की हमखास धरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं मत, टाकू नये. कुणाला पटत नसेल तर वाद घालत नाही, पण पुढच्या वर्षी मरळ नाही म्हणून रडायचं नाही. पावसाच्या पहिल्या पाण्यातल्या चढणीच्या माशांचंही तेच.

लूरचा तो डबा घेऊ नका. त्यातल्या निम्म्यांना पोटाखाली दोन-दोन तिहेरी हुक असतात. आपल्या नदीच्या तळाशी काय आहे ते बघा: पुरात वाहून आलेली झाडं, फाटकी जाळी, साड्या, शेतीपंपांचे फूटव्हॉल्व्ह आणि दोऱ्या. तिहेरी हुक जे दिसेल ते धरतो. काठावरून मोटारींच्या केबली पाण्यात उतरतात, त्यात हुक अडकला तर ओढाताण न करता लाईन कापा, लूर गेला तर गेला. शिवाय तुमची कयाक हवेची! सुटलेला तिहेरी हुक रबरात, नाहीतर मांडीत. मी तर तिहेरी काढून एकेरी बसवतो आणि बार्ब (हुकाचा उलटा काटा) पकडीनं दाबून टाकतो. त्यानं मासे सुटतात असं म्हणणारे आहेत. लाईन ताणून ठेवली तर फारसे सुटत नाहीत, आणि स्वतःच्या बोटातून काढायला सोपं जातं.

थोडक्यात घ्यायचं तर दोन रबरी बेडूक, एक काळा, एक पोपटी. दहा ते चौदा ग्रॅमचे एक-दोन स्पिनरबेट (तारेवर फिरतं पातं लावलेले लूर), त्यांची तार पुढे असल्यानं झुडपातून बरे निघतात. ऑफसेट (मानेला बाक दिलेला) हुक, बुलेट (गोळीच्या आकाराचं) वजन आणि रबरी किड्यांचं एक पाकीट, हुकाचं टोक रबरात लपवून लावायचं, हे सगळ्यात कमी अडकतं आणि सगळ्यात स्वस्त. वरच्या अंगाला, खडकाळ धारेत जाणार असाल तर छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचा लूर) आणि चमचा (चमच्यासारख्या पत्र्याचा लूर). तिथे महाशीर लागला तर ओल्या हातानं धरा, फोटो पटकन काढा आणि सोडून द्या. नदी दिवाळीपर्यंत गढूळ असते, तोवर गडद रंग आणि पाणी हलवणारे लूर. निवळली की रंग साधे करा.

धारेत लूर वरच्या बाजूला तिरका फेका आणि वाहत खाली येऊ द्या. मासा तोंड प्रवाहाकडे करून खडकाच्या मागच्या संथ पाण्यात थांबतो. त्यासाठी कयाक जागेवर धरावी लागते, आणि लोक नांगर टाकतात. वाहत्या पाण्यात कयाकच्या बाजूला नांगर बांधू नका, ती आडवी होते आणि पाणी आत घेते. काठाला टेकून उतरा आणि फेका, किंवा वाहत जाता जाता फेका. कोयनेतून विसर्ग वाढला की कराडच्या खाली पाणी बघता बघता चढतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असोत की काढलेले, जवळ जायचंच नाही.

आणि मगरी. व्हिडिओत हे नसतं. भिलवडी, औदुंबर, डिग्रज, खाली सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्लेही झालेत. आष्ट्याहून तुम्हाला हाच पट्टा जवळचा, म्हणून स्पष्ट लिहितो: तिथे हवेची कयाक घालू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिलं निघतात, त्या दिवसांत तर ती काठावरच्या माणसालाही सोडत नाही. आणि कुठेही गेलात तरी धरलेला मासा दोरीला ओवून कयाकच्या बाजूला लोंबकळत ठेवू नका.

धोम, कण्हेर, उरमोडीच्या जलाशयात जायचं ठरवलंत तर आधी तिथली मच्छीमार संस्था गाठा, तलावांतली मासेमारी ठेक्यानं दिलेली असते. परवानगीसाठी पाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय यांच्यात फिरावं लागतं, त्यावर लिहायला बसलो तर कुरिअरवाले देवमाणूस वाटतील. मला तरी चहाच्या टपरीवर संस्थेच्या माणसाशी बोलूनच मार्ग सापडला. कोयनेचा शिवसागर आणि चांदोली डोक्यातून काढून टाका, ते अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान आहे.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, कयाकमध्ये टाकायचं नाही. रॉड पाण्यात पडला तर बुडतो, म्हणून मुठीच्या वर एसीच्या पाइपावर घालतात ते काळं फोम चढवा, आणि नदीवर जायच्या आधी घरच्या हौदात रील लावून टाकून बघा. तरंगला नाही तर आणखी एक तुकडा.

कयाकचं मॉडेल लिहिलेलं नाहीत. रॉड होल्डर बसवायला त्यावर आधीच जागा आहे की नुसती सपाट कड, ते सांगा. आणि ती पीव्हीसीची आहे की रबराची तेही बघून घ्या, कारण पॅच चिकटवायचा गोंद दोन्हींना वेगळा लागतो.