सही करू की नको?

प्रश्न : ताई, आम्ही अनगोळच्या बाजूला राहतो, साईट घेऊन घर बांधून बरीच वर्षं झाली. लेआऊटला लागून सरकारी जागा मोकळी पडलीय, तिथं म्हणे गरिबांसाठी तीन-चार मजली सरकारी घरं येणार. कॉलनीनं विरोधाचं निवेदन काढलंय, पाणी पुरणार नाही, ट्रॅफिक वाढेल, साईटचे रेट पडतील आणि "वातावरण बिघडेल" असं लिहिलंय. सहीला आले तेव्हा मी उद्या या म्हटलं. आमच्याकडं धुणंभांडी करणारी बाई नाल्याकाठी पत्र्याच्या शेडात राहते, २०१९ च्या पावसात तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पण सही नाही केली तर ह्याच लोकांत राहायचंय. काय करू?
- एक वाचक, बेळगाव

उत्तर : काका, आहे त्या कागदावर सही करू नका. वातावरण कुणामुळं बिघडणार ते तरी लिहा की ओ! जी बाई रोज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात असते तीच ना? घरात चालते आणि शेजारी नको, हे काय मला पटत नाही.

रेटचं आणि ट्रॅफिकचं फार मनावर घेऊ नका. पंतप्रधान आवासमधलं गरिबांचं घर ३० ते ४५ चौरस मीटरचं, म्हणजे सव्वातीनशे ते फार तर पाचशेच्या आत स्क्वेअर फूट धरा, आणि वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत पाहिजे, त्यात राहणारा माणूस दारात कार किती लावणार? आणि आपल्यातलेच कितीजण रेव्हेन्यू साईटवर, म्हणजे बिगरशेती न केलेल्या प्लॉटवर, बांधून अक्रम-सक्रमकडं, म्हणजे बेकायदा बांधकाम दंड भरून कायदेशीर करून घ्यायच्या योजनेकडं, डोळे लावून बसलेत, त्यांनी नियमांचं जरा जपूनच बोलावं.

पाण्याचं मात्र खरं आहे, राकसकोप आणि हिडकल दोन्ही धरणांकडनं पाणी येऊनही उन्हाळ्यात आपली ओढाताण चुकत नाही. मग तेवढंच लिहा, आधी पाण्याची लाईन आणि ड्रेनेज मोठं करा, मगच घरांचा ताबा द्या, अशा निवेदनावर तुम्हीच पहिली सही करा आणि बाकीच्यांनाही तोच कागद पुढं करा, म्हणजे वाकडं पण येत नाही. त्याच्याआधी बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) ऑफिसात जाऊन सीडीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, ती जागा कशाला ठेवलीय बघून या. बागेसाठी राखीव निघाली तर तुमची बाजू खरंच भक्कम, बेंगळुरात बीडीएनं, म्हणजे तिथल्या विकास प्राधिकरणानं, बागेची जागा खाजगी नर्सिंग होमला दिलेली तर हायकोर्टानं ते रद्द केलं आणि १९९१ ला सुप्रीम कोर्टानंही तोच निकाल कायम ठेवला होता. तेव्हा बाग मागा, पण घरांना दुसरी जागा पण सुचवा. रहिवासी निघाली तर विषय पाणी-ड्रेनेजपुरताच ठेवा.

आणि त्या बाईंनी घरासाठी अर्ज घातलाय का विचारलंत? नावावर पक्कं घर नसलं पाहिजे, आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसातनं, काढावा लागतो, तिथं हेलपाटे होतात, काम बुडवून एकटी कितींदा जाईल, एखाद्या दिवशी तुम्हीच स्कूटरवरनं घेऊन जा.