खूप कोरड्या चेहऱ्यासाठी महिन्याला ३०० रुपयांत बसेल असं मॉइश्चरायझर कोणतं?

तुम्ही अकोल्यात राहता, दिवाळी सरली की गाल फुटतात, तोंड धुतलं की त्वचा ताणते, बजेट महिन्याला ३०० रुपये. इथवर ठीक. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "सासूबाई व्हॅसलीन लावू देत नाहीत, म्हणतात चेहरा काळा पडतो." मी फार्मासिस्ट आहे. हे वाक्य काउंटरवर रोज ऐकतो आणि मागे गिऱ्हाइकांची रांग असल्यामुळे रोज अर्धवट उत्तर देतो. आज पूर्ण देतो.

व्हॅसलीनने, म्हणजे पेट्रोलियम जेलीने, चेहरा काळा पडत नाही. तिच्यात रंग बदलणारा घटकच नसतो. ती त्वचेत फारशी मुरतही नाही, वर थर धरून बसते आणि आतलं पाणी उडू देत नाही. हे एक काम तिच्याइतकं चोख करणारं स्वस्त तर सोडाच, महागही फारसं काही नाही. मग समज आला कुठून? लोक ती सकाळी जाड थापून बाहेर पडतात. धूळ चिकटते, आणि ओला दगड कोरड्यापेक्षा गडद दिसतो तसा तेलकट चेहराही गडद दिसतो. संध्याकाळी तो थर निघत नाही म्हणून टॉवेलने खसाखसा घासतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर घासण्याचे डाग खरोखर पडतात आणि महिनोन्‌महिने राहतात. वर सनस्क्रीनचा पत्ता नाही. नाव मात्र जेलीचं खराब.

"ते पेट्रोलपासून करतात" हा पुढचा आक्षेप. पेट्रोलपासून नाही, कच्च्या तेलाच्या जड भागापासून, आणि औषधी दर्जाची जेली नको ते घटक काढून शुद्ध केलेली असते. डबीवर 'आयपी' अक्षरं बघा, म्हणजे भारतीय औषधसंहितेच्या कसोटीचा माल. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आयपी हे तिचंच औषधी नाव. घरात खाज, गजकर्ण, भाजणं यांसाठी मलमाची ट्यूब असेल तर तिच्यावर हे नाव शोधा आणि सासूबाईंना दाखवा. बहुतेक मलमं याच बेसमध्ये कालवलेली असतात.

मात्र नुसती जेली म्हणजे मॉइश्चरायझर नव्हे. तिच्यात पाण्याचा थेंब नसतो. कोरड्या ठक्क गालावर लावली तर कोरडेपणावर झाकण बसतं, इतकंच. खाली पाणी धरून ठेवणारं काहीतरी हवं, आणि त्यात सगळ्यात भरवशाचं म्हणजे ग्लिसरीन. तेव्हा दुकानात क्रीमचं नाव विचारू नका, ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याखालचे कसेही. पाणी बहुधा पहिलं असतं. त्यापुढच्या चार-पाच नावांत ग्लिसरीन हवं आणि पेट्रोलॅटम (म्हणजे हीच जेली), लिक्विड पॅराफिन (काही ठिकाणी मिनरल ऑइल लिहितात) किंवा डायमेथिकोन (एक सिलिकॉन) यांपैकी निदान एक हवं. सेटिल किंवा सेटोस्टिअरिल अल्कोहोल बघून दचकू नका, ती मेणासारखी चरबी आहे, कोरडं करणारं अल्कोहोल नाही. नुसतं 'अल्कोहोल' किंवा 'अल्कोहोल डिनॅट' यादीत वरच दिसलं तर ट्यूब परत ठेवा.

आता युक्तीची गोष्ट. यादीत फिनॉक्सिएथेनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त एक टक्का घालता येतं. म्हणजे त्याच्यामागे छापलेलं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पुढच्या बाजूला केशर, बदाम, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड असं ठळक लिहिलेलं असतं, ते या नावाच्या मागे किती वेळा सापडतं ते मोजा आणि मग किंमत बघा. हायल्युरॉनिक अ‍ॅसिड कमी प्रमाणातही काम करतं हे मान्य. केशराबद्दल मला विचारू नका.

पैशाचा हिशेब लोक चुकीचा करतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून ओढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा, म्हणजे सव्वा ग्रॅम लागतं. दोन वेळा लावलं तर दिवसाला अडीच ग्रॅम, महिन्याला ७५. तुमच्या ३०० रुपयांत ग्रॅमला ४ रुपये बसतात. एमआरपीला ग्रॅमने भागा, ४ च्या वर गेलं की ती वस्तू तुमची नाही. डॉक्टर लिहून देतात त्या नावाजलेल्या क्रीमपैकी बरीच इथेच बाद होतात. ती वाईट नाहीत, पण महाग म्हणून माणूस वाटाण्याएवढी लावतो आणि मग "फरक पडला नाही" म्हणतो. २० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर तुम्ही क्रीम लावत नाही, वास घेता.

म्हणून माझा सल्ला: २०० ते ४०० ग्रॅमचं, सुगंध नसलेलं, वरच्या यादीत बसणारं बॉडी क्रीम घ्या आणि तेच चेहऱ्याला लावा. 'फेस' हा शब्द छापला की भाव चढतो, आत बरेचदा तोच मसाला असतो. लोशन नको, त्यात पाणी जास्त. जेल तर नकोच. ऑइल-फ्री जेल तेलकट त्वचेसाठी असतं, आणि कोरफडीचं बाजारी जेल वाळलं की उलट ताणतं. एकाच कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण डबी तीच ठेवून आतला फॉर्म्युला बदलतात. यादी वाचता आली की कुठलंही दुकान चालतं.

लावायची वेळ क्रीमइतकीच महत्त्वाची. तोंड धुऊन टिपलं, पूर्ण कोरडं केलं नाही, दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम. रात्री त्यावर मटाराएवढी जेली तळहातांत चोळून पातळ करायची आणि गालांवर, ओठांच्या कडांवर दाबून लावायची, घासायची नाही. पिंपल्स येत असतील तर कपाळ-नाक सोडा. सकाळी जेली नाही, क्रीम आणि पाच-दहा मिनिटांनी सनस्क्रीन. एवढ्याने काळं पडलं तर मला येऊन सांगा.

क्रीमलाही पैसे नसतील तर ग्लिसरीन आयपीची लहान बाटली आणा. एक भाग ग्लिसरीन, तीन भाग उकळून गार केलेलं पाणी. ग्लिसरीन पाण्यात पूर्ण मिसळतं, एकदा नीट हलवलं की झालं. तीन-चार दिवसांपुरतंच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, कारण यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही. ओल्या चेहऱ्यावर हे आणि लगेच वर जेलीचा पुसट हात. नुसतं घट्ट ग्लिसरीन लावू नका. कोकणातल्या दमट हवेत ते हवेतलं पाणी ओढतं, तुमच्याकडच्या कोरड्या हवेत ते त्वचेच्या खालच्या थरातलं ओढतं, आणि तासाभरात चेहरा आधीपेक्षा जास्त ताणतो.

आता धुणं. अकोल्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी खारं किंवा जड असेल तर साबणाचा चुनकट थर त्वचेवरच राहतो. शिवाय कुठलाही खरा साबण पीएच ९-१० चा, आणि त्वचा ५ च्या आसपासची. टीएफएम (वडीवर छापलेलं, साबणातल्या चरबीचं प्रमाण) ७६ वर असलं तरी साबण तो साबणच. सकाळी नुसतं कोमट पाणी पुरे. रात्री हवीच असेल तर साबण नसलेली वडी घ्या, घटकांत सोडियम कोकोइल आयसेथायोनेट पहिलं दिसेल. बेसन आणि मुलतानी माती तेल शोषायला असतात. तुमच्याकडे शोषण्यासारखं तेलच नाही.

खोबरेल चालेल, पिंपल्स नसतील तर, पण क्रीमच्या वर, क्रीमऐवजी नाही. बदाम आणि ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं, ते त्वचेचा थर विस्कटतं. कोरड्या चेहऱ्याला ती दोन्ही देऊ नका, मग बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. साय ठीक, सायीत लिंबू पिळणं हा अत्याचार आहे.

आणि एक गोष्ट सासूबाईंनी जेलीऐवजी अडवायला हवी होती. "गोरं करणारं, मऊ करणारं" म्हणून शेजारीण सुचवते ती ट्यूब. त्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठवड्यात चेहरा गुळगुळीत होतो म्हणून लोक भुलतात. मग त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसतात, बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा लावतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत टाकली, तरी चिठ्ठीशिवाय ती हातात पडतात. व्हॅसलीनला नावं ठेवणारी घरं ही ट्यूब महिनोन्‌महिने बिनदिक्कत वापरतात. माझा खरा राग त्याचा आहे.

राहिलेलं. युरिया असलेलं क्रीम ५ टक्क्यांपर्यंत चेहऱ्याला चालतं. १० टक्के युरिया आणि लॅक्टिक आम्लाचं टाचांचं, फुटलेल्या गालावर झोंबेल. नाकाच्या कडा आणि भुवया इथेच पिवळट खपले असतील तर तो कोरडेपणा नसून कोंड्याचाच प्रकार असू शकतो, तेलाने तो वाढतो, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. सगळं अंग कोरडं, वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, तर थायरॉइड तपासा. नवीन क्रीम आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा. आणि जेली, पॅराफिन लागलेली ओढणी किंवा रुमाल घेऊन गॅसजवळ जाऊ नका. असं कापड पटकन पेट घेतं आणि एका धुण्यात ते सगळं निघत नाही.