मुदत ‘पवित्र’ कशी असेल?

प्रश्न : ‘द डेडलाइन इज नॉट सॅक्रोसँक्ट’ असं वाक्य वाचलं. कोशात ‘सॅक्रोसँक्ट’चा ‘पवित्र’ असा अर्थ मिळाला, पण तो इथे बसत नाही.

उत्तर : बसणार नाहीच. पवित्र नदी, पवित्र ग्रंथ यांच्यासाठी इंग्रजीत ‘सेक्रेड’ आहे. ‘सॅक्रोसँक्ट’चा भर पावित्र्यापेक्षा ‘याला हात लावायचा नाही’ यावर आहे. मूळ लॅटिन शब्द रोमच्या कायद्यातला. परंपरेनुसार इ. स. पूर्व ४९४ मध्ये सामान्य रोमन जनतेने आपले ट्रिब्यून, म्हणजे आपल्या हक्कांचे रक्षण करणारे अधिकारी, नेमले आणि शपथ घेतली, की यांच्या अंगाला हात लावील त्याला मारलं तरी तो खून ठरणार नाही. एवढी हमी असूनही इ. स. पूर्व १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस हा ट्रिब्यून पदावर असतानाच बदडून मारला गेला!

आज हा शब्द बहुधा नकारासोबत येतो किंवा किंचित चिमटा काढायला. म्हणून भाषांतर करताना आधी सूर ओळखावा. तुमचं वाक्य ‘मुदत म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही’ असं सहज होतं. पण ‘हिज आफ्टरनून नॅप इज सॅक्रोसँक्ट’ला ती रेघ चालणार नाही, तिथे ‘दुपारच्या झोपेत त्यांना व्यत्यय खपत नाही’ हेच बरं. ‘अनुल्लंघनीय’ अचूक आहे, पण झोपेला लावलं की हसू येतं.

शब्द शक्यतो क्रियापदानंतर ठेवावा : ‘द रूल इज सॅक्रोसँक्ट’. ‘मोअर सॅक्रोसँक्ट’ टाळावं, कारण हात लावायचा नाही म्हटल्यावर त्यात कमी-जास्त काय? उच्चारात जोर पहिल्या ‘सॅ’वर. लिहिताना शेवटच्या ‘टी’आधीचा ‘सी’ हमखास गळतो.

प्रश्न : मग ‘इनव्हायोलेबल’ आणि हा शब्द एकच का?

उत्तर : अर्थ जवळचा, पण बाज वेगळा. ‘इनव्हायोलेबल’ गंभीर, कायद्याच्या भाषेतला. १९६१ च्या, देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम २२ मध्ये दूतावासाच्या जागेला हेच विशेषण आहे : दूतावासाच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना आत पाऊल टाकता येत नाही. तिथे ‘सॅक्रोसँक्ट’ घातला तर त्यातला चिमटा कराराला शोभणार नाही. ‘इनव्हायोलेट’ मात्र निराळा : भंग करता येत नाही असं नव्हे, तर अजून भंग झालेला नाही.