अशुद्ध रूपांना कोशात जागा असावी का?

प्रश्न : आमच्या शाळेतील विद्यार्थी ‘जेष्ठ’ हा शब्द कोशात शोधतात आणि तो सापडला नाही की कोशच अपुरा आहे असे समजतात. अशी रूढ अशुद्ध रूपे कोशात द्यावीत असे मला वाटते. परंतु एकदा छापली की चूकही प्रमाण ठरते, असे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
– एक शिक्षक

उत्तर : अशी रूपे कोशात अवश्य यावीत, मात्र शब्द म्हणून नव्हे, तर केवळ वाट दाखवणारी नोंद म्हणून. ‘जेष्ठ : अशुद्ध रूप, पाहा ज्येष्ठ’ एवढीच ओळ पुरे, तिथे अर्थ, व्युत्पत्ती वा उदाहरण देऊ नये. आपल्या सहकाऱ्यांची भीती निराधार नाही, कारण शब्द कोशात दिसला की पुढचा शेरा न वाचताच तो बरोबर मानणारे वाचक पुष्कळ असतात. पण त्यावर उपाय शेरा ठळक छापणे हा आहे. ज्याला शुद्ध रूप ठाऊक नाही म्हणूनच जो कोशाकडे आला, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे हा नव्हे.

कोणती रूपे घ्यावीत, हे ठरवताना नुसता रूढपणा पाहून भागत नाही. छापील कोशात जोडाक्षरे सर्व स्वरचिन्हांनंतर येतात, त्यामुळे ‘जे’पाशी थांबलेल्या विद्यार्थ्याला बरीच पाने पुढे असलेला ‘ज्येष्ठ’ दिसतच नाही. ‘श्रृंगार’ लिहिणाराही ‘श्र’मध्ये शोधत राहतो आणि ‘शृंगार’ असतो ‘शृ’मध्ये. अशा रूपांची नोंद हवीच. ‘महत्व’ किंवा ‘उज्वल’ शोधणाऱ्याची नजर मात्र ‘महत्त्व’, ‘उज्ज्वल’ यांवर बहुधा आपोआप पडते, म्हणून छापील कोशाने ती गाळली तरी चालतील. संगणकावरील कोशात शेजारचा शब्द दिसेलच असे नाही. तिथे हीही रूपे घ्यावीत. ‘पारंपारिक’सारख्या रूपापुढे कारणही द्यावे : ‘इक’ प्रत्यय लागताना ‘परंपरा’मधील फक्त पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ होतो, म्हणून ‘पारंपरिक’.

जुने लेखन मात्र या यादीत मुळीच घालू नये. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात निघाला, तेव्हा ‘कांहीं’, ‘नांव’ हेच शिष्टसंमत लेखन होते. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढले आणि ‘कवि’चा ‘कवी’ केला. त्या रूपांना ‘जुने लेखन’ असाच शेरा हवा, नाही तर आजच्या मुलांना जुनी पुस्तके चुकांनी भरलेली वाटतील.

बोलीतील रूपांबाबत तर अधिकच जपायला हवे. वऱ्हाडीतील ‘पानी’ला ‘अशुद्ध’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ते तिथल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यातले रूप आहे आणि त्याला ‘बोली’ असा निर्देश करून स्वतंत्र नोंद मिळाली पाहिजे.