‘टेक ऑफ’ला जपानीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न : मी जपानी शिकतेय, एन-थ्रीची (जपानी भाषेच्या परीक्षेतल्या मधल्या पातळीची) तयारी चालू आहे आणि सरावासाठी इंग्लिशमधले छोटे उतारे जपानीत करते. पण टेक ऑफ, टर्न डाउन, पुट ऑफ असलं काही आलं की गाडी अडते. डिक्शनरीत एकेकाचे ढीगभर अर्थ, त्यातला घ्यायचा कुठला? आणि ‘आउट’ असेल तिथे क्रियापदाला जपानीतलं ‘दासु’ (म्हणजे बाहेर काढणं) जोडलं तर चालतं का?

उत्तर : टेक ऑफला जपानी शब्द काय, हा प्रश्नच आधी सोडून द्या आणि वाक्यात कोण आहे, काय आहे ते बघा. विमान असेल तर रिरिकु सुरु, शर्ट किंवा बूट असतील तर नुगु, चष्मा किंवा घड्याळ असेल तर हाझुसु, आणि कोणी कामावरून एक दिवस ऑफ घेतला असेल तर सरळ यासुमु. इथे आपली मराठीच आपल्याला फसवते बरं का, कारण आपण शर्टही काढतो आणि चष्माही काढतो, त्यामुळे ‘मेगाने ओ नुगु’ असं लिहिलं जातं आणि आपल्याला काहीच वावगं वाटत नाही, पण जपानी माणसाला ते लगेच खटकतं. पुट ऑनचंही तेच, अंगात घालायचं ते किरु, पायात चढवायचं ते हाकु (म्हणजे बूट, मोजे, पँटसुद्धा), टोपी असेल तर काबुरु, चष्मा असेल तर काकेरु. म्हणून ही क्रियापदं वस्तूसकट पाठ करा, सुटी नकोत.

‘ही टर्न्ड इट डाउन’ असं वाक्य आलं तर त्या ‘इट’साठी मागच्या ओळीत जावंच लागतं. नोकरीची ऑफर असेल तर कोतोवारु, टीव्हीचा आवाज असेल तर सागेरु.

पुट ऑफमध्ये अजून एक गोष्ट येते ती म्हणजे सूर. मीटिंग रीतसर पुढे ढकलली तर एन्की सुरु, साध्या बोलण्यात नोबासु, आणि कोणी आळसाने होमवर्क उद्यावर टाकत असेल तर साकिनोबाशि नि सुरु. तिन्ही बरोबरच आहेत, पण शेवटच्यात थोडी नाराजी आहे, ती मीटिंगच्या नोटिशीत गेली तर वाईट दिसेल.

आता दासु. त्यावर फार विसंबू नका. तोबिदासुमध्ये बाहेर झेपावणं आहे खरं, पण आरुकिदासु म्हणजे चालायला लागणं आणि नाकिदासु म्हणजे रडायला लागणं, तिथे बाहेरचा काही संबंधच नाही. रन आउट दिसलं म्हणून हाशिरिदासु लिहिलंत तर वाचणारा ‘पळायला लागला’ असंच समजेल. दूध संपलं असेल तर नाकुनारु लिहा, बॅटरी संपली असेल तर किरेरु.